अर्ध्या बोटाची माया

कोट शिवणाऱ्या मास्तरांच्या दुकानाच्या दारावर एक पाटी लटकत असे. एका बाजूला 'या' आणि दुसऱ्या बाजूला 'आलोच'. 'बंद' असं तिच्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. दोरा संपला, अस्तराचं कापड आणायचं झालं, दात दाखवायला जायचं झालं, की मास्तर पाटी फिरवून जात आणि गिऱ्हाईक पायरीवर बसून राही. एकदा ते कावीळ होऊन अंथरुणाला खिळले होते, तेव्हाही पाटी इमानेइतबारे 'आलोच' म्हणत होती. समोरचा चष्मेवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "बसा हवं तर. आलोच म्हणालेत म्हणजे येणार नक्की. कधी, ते तेवढं विचारू नका."

दुकान म्हणजे एक अरुंद, खोल खोली. दारापाशी आरसा आणि पडदा, मग कापायचं टेबल, खिडकीखाली मशीन आणि सगळ्यात मागे इस्त्रीची फळी. मास्तर दिवसभर दारापासून मागच्या भिंतीपर्यंत आणि मागच्या भिंतीपासून दारापर्यंत येरझारा घालत. माप तेच घेत, कापड तेच बेतत, कापत, शिवत; बाह्या, कॉलर, खिसे, अस्तर, काजं, बटणं, शेवटची इस्त्री, सगळं त्यांचंच. गिऱ्हाइकाला पाणी तेच देत आणि संध्याकाळी केरही तेच काढत. बाजारात त्यांना 'एकहाती मास्तर' म्हणत. म्हणणाऱ्याच्या मनात कौतुक असे, थोडी चेष्टाही असे. मास्तरांनी त्यातलं कौतुक तेवढं उचललं होतं.

कोट मात्र असा उतरे की बोट ठेवायला जागा नसे. त्यांच्यावर जळणारेही एवढं कबूल करत.

वडील गेले तेव्हा हे दुकान दोघा भावांचं होतं. धाकट्याचा हात थोरल्याइतका साफ नव्हता, पण त्याला दुकानाबाहेरचं दिसत असे. लोकांना कोट हवेत आणि दादाकडे वाट बघून कंटाळून ते तयार कोट घेतात, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. एक दिवस त्याने विषय काढला.

"दादा, तू नुसतं काप. तुझ्यासारखं कापणारं दुसरं कुणी नाही. बाह्यांना एक माणूस ठेवू, कॉलरला एक, अस्तराला एक. मी गिऱ्हाईक सांभाळतो."

"आणि कोट कसा होईल?"

"चांगला होईल. प्रत्येकाचा हात आपापल्या कामात बसला की का नाही होणार?"

"पाच जणांनी मिळून केलेली सही बँकेत चालते का?" मास्तर म्हणाले. "मग पाच जणांचा कोट मला नको."

धाकटा हसला. पुन्हा दोन-चारदा त्याने विचारून पाहिलं आणि मग आपल्या वाट्याचं मशीन उचलून छापखान्याच्या वरचा हॉल भाड्याने घेतला. भांडण असं झालं नाही. दोघे एकाच घरात राहात होते, नंतर एकाच गल्लीत राहू लागले. हळूहळू धाकट्याचा कारखाना वाढला. तिथे शिवणारे आले, गेले, काही म्हातारे झाले, पण हॉलमधली मशीनं कधी थांबली नाहीत.

कारखाना सुरू झाला त्याच सुमारास बायकोचं काजांचं प्रकरण घडलं. लग्नानंतर ती दुपारची दुकानात येऊन बसे. तिच्या आईकडून तिला सुईचा हात आला होता. एकदा मास्तर बाहेर गेले असताना तिने एका कोटाची चार काजं हाताने घालून ठेवली. मास्तर परत आले, कोट खिडकीशी नेऊन पाहिला, आणि काही न बोलता काजं उसवायला बसले. ती बघत होती. चारही उसवून होईपर्यंत ती बघत राहिली, मग उठून घरी गेली. पुढच्या महिन्यात ती धाकट्याच्या कारखान्यात काजं घालू लागली आणि तिथेच राहिली. रोज सकाळी नवरा-बायको एकाच वेळी डबे घेऊन बाहेर पडत आणि कोपऱ्यावर दोन दिशांना जात. चष्मेवाला म्हणायचा, "मास्तर, तुमचं अर्धं दुकान तिकडं चाललंय." मास्तर हे अंगाला लावून घेत नसत.

या सगळ्याला बरीच वर्षं झाल्यावर धाकटा एका दुपारी दुकानात आला आणि पडद्याजवळच्या स्टुलावर बसला.

"दादा, आमचे कापणारे काका आता थांबतायत. डोळ्यांनी दिसेनासं झालंय त्यांना. टेबल रिकामं होतंय."

मास्तर कॉलरच्या आत घालायचा जाड कॅनव्हास कापत होते. मान वर न करता म्हणाले, "मग?"

"मग काय? तुझंच टेबल आहे ते. पहिल्या दिवसापासून तुझं होतं. काकांना मी तात्पुरतं म्हणून बसवलं होतं, ते वीस वर्षं बसले."

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू."

धाकटा उठला. दारात थांबून म्हणाला, "थंडीचे कोट सुरू व्हायच्या आत सांग. नंतर मला थांबता येणार नाही. मला म्हणजे, तिथं कुणालाच."

मास्तरांना मोह झाला नव्हता असं नाही. डोळे त्यांचेही थकले होते. सुईत दोरा ओवायला आता दोन-तीन झटके लागत, खांदे रात्री ठणकत. गिऱ्हाईक कमी होत होतं. पण एवढी वर्षं नाही म्हटल्यावर आता हो म्हणणं म्हणजे आधीच्या प्रत्येक 'नाही'चा हिशेब देणं, असं त्यांना वाटे. तो हिशेब कुणी मागितला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

लेकीच्या पाठाची गोष्ट त्याच दिवसांतली. तिचं जीवशास्त्रातलं शिक्षण झालं होतं, शिक्षिका होण्याचा कोर्सही झाला होता, आणि एका शाळेने तिला नमुना पाठ घ्यायला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला होता: बहुपेशीय असण्याचे फायदे. घरी शेजाऱ्यांचं बांधकाम चालू होतं, म्हणून सरावाला ती दुकानात आली. कापायच्या टेबलाचं एक टोक तिने मोकळं केलं.

"बाबा, तुम्ही सातवीचा वर्ग."

"अख्खा?"

"अख्खा. आणि दंगा करायचा नाही."

तिने बटणांचा डबा उघडून टेबलावर पालथा केला. मास्तर कळवळले. "कोटाची बटणं शर्टाच्या बटणांत जातील."

"नंतर निवडून देते. हे बघा." तिने एक मोठं काळं बटण बाजूला ठेवलं. "हा अमिबा. याचं सगळं शरीर म्हणजे एकच पेशी. खायचं, पचवायचं, श्वास घ्यायचा, नको ते बाहेर टाकायचं, हलायचं आणि वेळ आली की स्वतःचे दोन तुकडे करून दोन व्हायचं. सगळी कामं त्याची एकट्याची."

"मग त्याला कमी काय आहे?"

"हेच मुलं विचारणार. तसं बघितलं तर कमी काही नाही. जगात असलेच जीव सगळ्यात जास्त आहेत आणि सगळ्यात जुनेही तेच. फक्त त्यांना मोठं होता येत नाही."

"का?"

"कारण एकच पेशी खाते-पिते ती आपल्या कातडीतून. समजा तिची लांबी, रुंदी, उंची सगळी दुप्पट झाली. कातडी होते चौपट, पण आतलं पोट होतं आठपट. एवढ्या पोटाला त्या कातडीतून पुरणार कसं?"

मास्तरांनी भिंतीशी रचलेल्या कापडाच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "गठ्ठ्यासारखं. मोठा बांधला की आतल्या कापडाला वारा लागत नाही, ते कुबट होतं."

"हे मी वर्गात वापरते," ती म्हणाली आणि वहीत काहीतरी खरडलं. "तर मग मोठं व्हायचं कसं? एकच पेशी फुगवायची नाही. लहान लहान पुष्कळ घ्यायच्या आणि कामं वाटून द्यायची." तिने पांढऱ्या बटणांची रास केली. "डोळ्यातली पेशी फक्त उजेड टिपते. रक्तातली फक्त हवा वाहून नेते. आतड्यातली अन्न शोषते. प्रत्येकीचं काम एकच, म्हणून ते असं साधतं की एकट्या जिवाला सात जन्मांत साधणार नाही."

"आणि डोळ्यातलीला भूक लागली की?"

"तिचं जेवण तिच्यापर्यंत पोचतं. आतड्यातलीनं शोषलेलं, रक्तानं नेलेलं. शिवाय बाहेर कडाक्याची थंडी असो नाहीतर ऊन, आतल्या पेशीचं हवामान सारखंच राहतं. मोठ्या शरीराला कुणी सहज गिळतही नाही. आणि एक पेशी मेली तर काही अडत नाही. आपल्या अंगातल्या रोज कितीतरी मरतात, त्यांच्या जागी नव्या येतात, आपल्याला पत्ताही नसतो. अमिबाचं तसं नाही. तो बिघडला की सगळंच बिघडलं."

"पण तू म्हणालीस तो एकाचे दोन होतो, म्हणजे म्हातारा होतच नाही. मग फायद्यात कोण?"

"बाबा, तुम्ही सातवीत आहात. हे प्रश्न कॉलेजात."

मास्तर हसले. मग म्हणाले, "आणि त्या डोळ्यातलीला वाटलं, आता आपण वेगळं राहावं, तर?"

"मरेल. तिला दुसरं काही येतच नाही. किंमत आहेच त्याला."

"बघ." सौद्यात हात वर राहिल्यासारखं मास्तर म्हणाले आणि पुन्हा सुईकडे वळले.

लेकीला मात्र आता रंग चढला होता. "पण मधलेही असतात. मातीत राहणारे काही एकपेशीय जीव आहेत. अन्न आहे तोवर ज्याचं त्याचं वेगळं. अन्न संपलं की ते एकमेकांना हाका घालतात, म्हणजे एक रसायन सोडतात, आणि हजारोंनी एकत्र येतात. त्यांचा एक बारीकसा खांब उभा राहतो. वरच्या टोकाला जे बसतात ते बियांसारखे दुसरीकडे पोचतात आणि जगतात."

"आणि खालचे?"

"खालच्यांचा देठ होतो. ते मरतात. पण ते नसते तर वरचे वर गेलेच नसते."

"देठ कुणी व्हायचं, हे ठरवतं कोण?"

"ठरवत कुणी नाही. पण एकत्र यायच्या आधीच जे जास्त उपाशी असतात ते बरेचदा देठात जातात, असं दिसलंय."

मास्तरांची सुई थांबली. "म्हणजे अंगात धमक असताना जायला हवं."

"कुठं?"

"कुठं नाही. पुढं शिकव."

"पुढं उदाहरण. मी काकांच्या कारखान्याचं देणार आहे. एक कापतो, एक बाह्या जोडतो, आई काजं घालते."

"आणि अमिबा म्हणून कुणाचं?"

लेक बटणं निवडता निवडता म्हणाली, "अमिबा म्हणून अमिबाचंच."

त्यानंतरच्या दिवसांत मास्तरांनी मनाशी ठरवलं. टेबलावर तीन कोट कापून तयार होते, दोन जुन्या गिऱ्हाइकांचे आणि एक लेकीचा, पाठाच्या दिवशी घालायला. करड्या रंगाचा, अंगाला नीट बसणारा. हे तीन हातावेगळे करायचे, पाटी काढून ठेवायची आणि धाकट्याला जाऊन सांगायचं. एवढंच. बायकोला त्यांनी हे सांगितलं नाही. कोट झाले की सांगू, असं मनाशी म्हटलं.

कोट व्हायचे होते तसेच राहिले. वरच्या फळीवरून अस्तराचा रोल काढताना स्टूल कलंडलं आणि मास्तर उजव्या मनगटावर पडले. हाड दोन ठिकाणी मोडलं. बोटांच्या टोकांपर्यंत प्लास्टर घालून ते घरी आले तेव्हा चष्मेवाला भेटायला आला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी त्याच्याच्याने राहवलं नाही. "मास्तर, आता खरे एकहाती झालात."

कापलेल्या तीन कोटांचं काय करायचं, हा प्रश्न बायकोने सोडवला. तिने तिन्हींचे तुकडे तीन गाठोड्यांत बांधले आणि कारखान्यात न्यायला निघाली. दारात वळून तिने विचारलं, "तिकडं काही सांगायचंय का?"

"सांगायचं काय त्यात? कापड बघितलं की कळतं."

"कुणाला कळतं?"

"शिवणाऱ्याला."

कापड शिवताना कडेचं थोडं कापड शिवणीच्या आत जातं. तेवढं जास्तीचं कापताना सोडावं लागतं, त्याला शिवणकामात माया म्हणतात. धाकट्याच्या कारखान्यात सगळीकडे एक बोट माया सोडायची, असा नियम होता. कापणारा ती सोडे आणि शिवायच्या रेघेवर खडूने खूणही करी, कारण कापणारा एक आणि शिवणारा दुसरा. एखाद्याची टीप जरा वाकडी गेली तरी पुढच्याला सावरायला जागा राहावी, म्हणून एक बोट. मास्तर अर्धंच बोट सोडत. जे हात कापत तेच शिवणार होते, त्यांना चुकीसाठी जागा कशाला? खडूची रेघही ते मारत नसत. रेघ त्यांच्या डोक्यात होती.

कारखान्यात कोट हातोहात झाले. बाह्या जोडणाऱ्याला मुंढा, म्हणजे बाही बसते तो गोल, जरा आवळ वाटला होता, तसं तो नंतर म्हणाला. कोटाची पाठ जोडणाऱ्यालाही शंका आली होती. पण मास्तरांचं कापणं, त्यात आपण काय चूक काढायची, म्हणून दोघंही बोलले नाहीत. सगळ्यांनी आपापली शिवण एक बोट आत घेतली.

पाठाच्या आदल्या संध्याकाळी लेकीने करडा कोट अंगात घातला. खांदे पाठीमागे ओढले गेले. बटण काजापर्यंत पोचेना. तिने श्वास आत घेतला, पोट आत घेतलं, आणि मग कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "माझा जुना स्वेटर आहे."

मास्तरांनी डाव्या हाताने कोट उलटा केला आणि पाठीची शिवण पाहिली. त्यांना बघताक्षणी कळलं. प्रत्येक शिवणीत दोन्ही कडांनी अर्धं-अर्धं बोट जास्त गेलं होतं. पाठीची एक शिवण आणि दोन बाजूंच्या दोन, म्हणजे अंगातली तीन बोटं गेली. मुंढ्याशी तर कापड शिवणीपर्यंत कातरलेलं होतं, आता उसवूनही परत मिळणार नव्हतं.

लेक स्वेटर घालून गेली, पाठ घेतला आणि तिला नोकरी मिळाली. कोटावाचून काही अडलं नाही. मास्तरांना तेच जास्त लागलं.

उरलेले दोन कोट हातावर टाकून धाकटा आला. त्याने ते पलंगावर ठेवले. मग म्हणाला, "दादा, माया किती ठेवली होतीस?"

"अर्धं बोट."

"आम्ही एक बोट धरलं."

"ते दिसलं मला."

"एक निरोप द्यायचा होतास. वहिनी विचारून आल्या होत्या म्हणतात."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"तुझ्या माणसांना कड बघून कळायला नको?"

"त्यांना काय कळणार? त्यांनी तुझं डोकं कुठं पाहिलंय?" धाकट्याचा आवाज चढला नव्हता. "आमच्याकडं प्रत्येकजण पुढच्यासाठी माया सोडतो, दादा. पुढचा कोण असेल ते माहीत नसतं, तरी सोडतो. तुला पुढचा कधी नव्हताच."

त्या दोन गिऱ्हाइकांना धाकट्याने नवं कापड घेऊन नवे कोट शिवून दिले. चूक कुणाची, हे त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं नाही, आणि मास्तरांनी विचारलं नाही.

प्लास्टरच्या दिवसांत मास्तरांना स्वतःच्या शर्टाची बटणंही लावता येत नव्हती. ती बायको लावून देई. एका सकाळी खालून वर येता येता ती गळ्याशी थांबली आणि म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"माझी काजं वाईट होती?"

कुठली, हे मास्तरांना विचारावं लागलं नाही. ते म्हणाले, "नव्हती."

"मग उसवली का?"

"माझी नव्हती म्हणून."

तिने गळ्याचं बटण लावलं आणि कॉलर सारखी केली. "मला इतकी वर्षं वाटत होतं, काहीतरी चुकलं होतं. तिकडं रोज काज घालताना आधी तेच आठवायचं, कुठं चुकलं असेल. कळलंच नाही, म्हणून नीट घालत राहिले." ती डबा भरायला आत गेली. आतून म्हणाली, "हे तेव्हाच सांगितलं असतंत तर मी भांडले असते. भांडून तिथंच बसले असते."

मास्तर पलंगावर बसून राहिले. कितीतरी दुपारी त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या: खिडकीखाली दोन खुर्च्या, एकीवर मशीन चालवणारे ते, दुसरीवर काजं घालणारी ती, दारावरची पाटी दिवसभर 'या'च म्हणणारी. दोघांचं दुकान झालं असतं. मग कदाचित तिसरंही कुणी आलं असतं. हे सगळं नाकारण्यासाठी त्यांनी फार काही केलं नव्हतं. चार काजं उसवली होती, तीही न बोलता.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट तिरकं जुळलेलं निघालं. कातर हातात बसे, पण अंगठा आणि बोटं तिला मिटवू शकत नसत. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला. मास्तरांनी तो पुष्कळ दाबला. थंडी सुरू झाली होती. एका सकाळी कोपऱ्यावर बायको तिच्या दिशेला वळली तेव्हा मास्तरही त्याच दिशेला वळले. तिने पाहिलं आणि चालत राहिली.

छापखान्याच्या वरचा हॉल त्यांनी याआधी बाहेरूनच पाहिला होता. दोन्ही बाजूंना खिडक्या, मशीनांच्या दोन रांगा, फितीने बांधलेले कापडाचे तुकडे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताहेत. मध्यभागी ते टेबल होतं. त्यावर ओणवी होऊन एक बाई कापड कापत होती. आधी ती बाह्या शिवायची. बोटभर माया सोडत, खडूने रेघ मारत ती सरळ कापत गेली. तिचा हात मास्तरांइतका साफ नव्हता. पण पुरेसा होता.

धाकटा लगबगीने पुढे आला. "दादा, मी वाट पाहिली. तुझं मनगट मोडल्यावरही पाहिली. पण टेबल रिकामं ठेवलं की मागचे सगळे बसून राहतात."

"बरोबर आहे."

"आधी बोलला असतास तर तिला मी टेबलाला हातच लावू दिला नसता."

"बरोबर आहे," मास्तर पुन्हा म्हणाले.

मनगट मोडायच्या आधीच मी ठरवलं होतं, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. ते खरं होतं, पण आता त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. हॉलमध्ये कुठं त्यांच्यासाठी राखलेली जागा दिसेल, निदान ती होती अशी काही खूण दिसेल, म्हणून ते बघत होते. जखम भरून यावी आणि व्रणही राहू नये तसं झालं होतं. कुणाच्या मनात राग नव्हता. राग असता तर बरं, असं त्यांना क्षणभर वाटलं.

"काय करता येईल मला?" त्यांनी विचारलं.

धाकट्याने मान खाली घातली. "कच्चे टाके आहेत. तयार कोटातले उपसून काढायचे, इस्त्रीच्या आधी. पण ते नवशिक्याचं काम आहे, दादा. तुला कसं सांगू?"

"डाव्या हातानं होतं ते."

खिडकीशी एक खुर्ची मिळाली. शिवताना कापड हलू नये म्हणून घातलेले पांढरे सैल टाके मास्तर एकेक ओढून काढू लागले. पहिले काही दिवस कोट हातात आला की ते तो पुरता उलटसुलट करून बघत. खांदा, कॉलर, अस्तराची घडी. सवयच होती. त्यांच्यापाशी कोट साचत आणि पलीकडे इस्त्रीवाला तापलेली इस्त्री घेऊन रिकामा उभा राही.

"मास्तर, पुढं द्या," तो म्हणे. त्याचा सूर उद्धट नव्हता, इस्त्री थंड व्हायची म्हणून तो म्हणायचा.

असाच एक गडद निळा कोट आला. मास्तरांनी टाके काढले आणि तो खिडकीच्या उजेडात धरला. त्यांनी कुठंतरी बोट ठेवायला जागा शोधली. बाही खांद्यात सुरकुती न पडता उतरली होती. कॉलर मानेमागे नीट बसत होती.

"हा कुणी शिवला?" त्यांनी विचारलं.

इस्त्रीवाल्याला प्रश्नच कळला नाही. "कुणी म्हणजे? आपण."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. तो सहज बोलला होता. तुम्ही नाही, आम्ही नाही, आपण. डाव्या हाताने चार दोरे उपसणाऱ्या माणसालाही त्याने त्यात धरलं होतं, आणि त्यात काही विशेष केलं असं त्याला वाटतही नव्हतं. वडिलांच्या दुकानात, धाकट्याने आपलं मशीन उचलण्याआधी, हाच शब्द मास्तरांना मिळत होता. तेव्हा त्यांचे दोन्ही हात चालत होते आणि कापायला टेबल होतं.

इस्त्रीवाल्याने हात पुढे केला होता. मास्तरांनी कोट त्याच्याकडे दिला आणि दुसरा ओढून मांडीवर घेतला.